जुन्या मसल कारच्या इंजिनची न थांबणारी ऑइल गळती: उगम शोधण्यापासून रिअर मेन सीलपर्यंत

मसल कार म्हणजे ताकदवान इंजिनाच्या अमेरिकन गाड्या. त्यांची साठच्या दशकातली आणि सत्तरच्या सुरुवातीची व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेली) इंजिनं ऑइल गाळणारच, असं अनेकजण धरूनच चालतात आणि गाडीखाली पत्रा किंवा पुठ्ठा सरकवून मोकळे होतात. त्या काळातली कॉर्क गॅस्केटं, दोरीची सीलं आणि पातळ पत्र्याची कव्हरं आजच्या मानाने कच्ची होती, हे खरं. तरीही आजची गॅस्केटं, चांगला सिलिकॉन आणि थोडा संयम एवढ्यावर हीच इंजिनं कोरडी राहतात. गॅस्केट दोन-तीनदा बदलूनही गळती परत येत असेल, तर गॅस्केटला दोष देणं थांबवा. बहुतेक वेळा दोष दोनपैकी एका ठिकाणी असतो: क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, साठणारा दाब, किंवा गॅस्केट ज्यावर बसतं तो वाकलेला, खरवडलेला, तेलकट पृष्ठभाग.

इथले आकडे मुख्यतः शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकचे आहेत. १९५५ मध्ये आलेलं हे इंजिन सर्वांत जास्त गाड्यांत सापडतं आणि त्याच्या गळतीच्या जागाही ठरलेल्या आहेत. फोर्ड, पाँटिअॅक आणि क्रायसलरच्या इंजिनांत जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी उगम शोधा

ऑइल खाली ओघळतं आणि पंख्याच्या व रस्त्याच्या वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून सुटलेलं ऑइल ब्लॉकच्या मागून उतरून बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) खालच्या टोकाला थेंब धरतं. बघणारा लगेच निकाल देतो, ‘रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं सील) गेलं.’ मग चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, खाली येतो, सील बदललं जातं आणि आठवड्याभरात तोच थेंब तिथेच लटकलेला दिसतो. म्हणून नियम एकच ठेवा: सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधा. खालचं सगळं ओघळ आहे असं समजा.

इंजिन थंड असताना डिग्रीझर मारून, ब्रश फिरवून स्वच्छ धुवा. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर प्लास्टिकने झाका. वाळल्यावर सांध्यांवर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवा. इंजिन १५-२० मिनिटं चालवा, बंद करा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत या. पावडर जिथे पहिल्यांदा काळवंडते, तो उगम.

झिरप फार बारीक असेल तर ऑइलमध्ये अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग टाका. चार-पाच लिटर ऑइलला साधारण ३० मिली लागतो, पण बाटलीवरचं प्रमाण आधी वाचा. एक-दोन दिवस गाडी वापरून अंधारात दिवा मारा.

तिसरी पद्धत सर्वांत खात्रीची आहे. ऑइल फिलर, ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड) आणि डिपस्टिकची नळी बंद करा, पीसीव्हीच्या (क्रँककेसमधला वायू परत इंजिनात ओढू देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) भोकातून रेग्युलेटर लावून २ ते ३ पीएसआय हवा द्या आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे जागा दाखवतात. ३ पीएसआयच्या वर जाऊ नका. त्याहून जास्त दाबाने चांगली सीलंसुद्धा ओठ उलटून बाहेर येतात.

आणखी एक खात्री आधीच करा: हे इंजिन ऑइलच आहे ना? लालसर आणि पातळ असेल तर ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं असू शकतं. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून सुटणारं तेल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्सचं तेल बेलहाउसिंगच्या एकाच भोकातून टपकतात.

दाब बाहेर जातोय का?

पिस्टन रिंगमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला बाहेर जायला वाट नसेल तर तो ऑइलला घेऊन सगळ्यात कमकुवत सांध्यातून निघतो. तो सांधा तुम्ही बंद केलात की पुढचा सांधा गळू लागतो. ‘एक बंद केलं की दुसरं सुरू होतं’ ही तक्रार ऐकली की आधी पीसीव्ही बघा.

साठच्या सुरुवातीपर्यंत अनेक इंजिनांना फक्त खाली जाणारी उघडी नळी असे. गाडी पळताना तिच्या तोंडाशी ओढ तयार व्हायची, आयडलवर काहीच नाही. पीसीव्ही आल्यावर एका टॅपेट कव्हरमधून स्वच्छ हवा आत आणि दुसऱ्यातून व्हॉल्व्हमार्गे कार्ब्युरेटरखालच्या व्हॅक्यूमकडे, असा प्रवाह सुरू झाला. आजच्या बऱ्याच सजवलेल्या इंजिनांवर हा प्रवाह मोडलेला असतो: दोन्ही बाजूंना क्रोमचे ब्रीदर बसवलेले आणि पीसीव्ही काढून टाकलेला. दिसायला छान, पण क्रँककेसमधून ओढून घेणारं काहीच उरत नाही.

तपासणी सोपी आहे. व्हॉल्व्ह काढून हलवा, खुळखुळ वाजला पाहिजे. इंजिन आयडलवर असताना व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवलं की जोरदार ओढ जाणवली पाहिजे. व्हॉल्व्ह परत बसवा, ताज्या हवेचा ब्रीदर काढा आणि त्या भोकावर कागदाचा तुकडा धरा. मिनिटभरात कागद भोकाला चिकटला तर प्रवाह ठीक. कागद उडत असेल तर वायू जास्त आहे किंवा ओढ कमी. नवा व्हॉल्व्ह बसवूनही उडत असेल तर लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजा. साधारण १० टक्क्यांच्या आतली गळती चांगली मानतात. २० टक्क्यांच्या वर गेली आणि हवा ऑइल फिलरमधून फुसफुसत आली तर रिंगा संपल्या आहेत. तिथे गॅस्केट बदलून काही साध्य होणार नाही.

बाजारातल्या बऱ्याच अॅल्युमिनियमच्या आणि क्रोमच्या टॅपेट कव्हरमध्ये पीसीव्हीच्या भोकाखाली आडपडदा नसतो, याकडेही लक्ष द्या. रॉकरने उडवलेलं ऑइल सरळ व्हॉल्व्हमध्ये जातं, निळा धूर येतो आणि लोक व्हॉल्व्ह गाइडच्या मागे लागतात. आडपडदा असलेलं कव्हर घ्या, नाहीतर रॉकरला अडणार नाही असा पत्र्याचा पडदा बसवून घ्या.

टॅपेट कव्हर

सर्वांत जास्त गळती इथेच आणि ती आपणच केलेली असते. थोडं ऑइल दिसलं की पाना घेऊन बोल्ट आवळायचा, पुन्हा दिसलं की आणखी आवळायचा. १९८६ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉकच्या कव्हरला कडेने चार पाव इंची बोल्ट असतात. ते जास्त आवळले की बोल्टाखालचा पत्रा खाली दबतो, दोन बोल्टांमधला भाग वर उचलला जातो आणि ऑइल नेमकं तिथून निघतं.

कव्हर काढून सपाट काचेवर किंवा लादीवर उलटं ठेवा. बोल्टांच्या भोकांभोवती पत्रा बाहेर आलेला दिसेल. कड लोखंडी ठोकळ्यावर टेकवून छोट्या गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोके देत सपाट करा. कव्हर डुगडुगायचं थांबलं की झालं. हेडची कड प्लास्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने साफ करा, ब्रेक क्लीनरने पुसा आणि शेवटी स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर पिवळा डाग उमटत असेल तर अजून तेल आहे.

आमची पसंती आत स्टीलचा पत्रा असलेल्या रबराच्या गॅस्केटला आहे. कॉर्क चालतं, पण ते उष्णतेने आक्रसतं आणि वारंवार आवळावं लागतं. गॅस्केट फक्त कव्हरला चिकटवा, गॅस्केटच्या चिकटद्रव्याच्या पातळ थराने. हेडकडची बाजू कोरडी ठेवा. दोन्ही बाजूंना सिलिकॉन फासला तर दाब येताच गॅस्केट त्यावर घसरून बाहेर सरकतं, आणि कॉर्कच्या बाबतीत तर हे हमखास होतं. बोल्टाखाली दाब पसरवणाऱ्या लांबट पट्ट्या लावा. टॉर्क ३५ ते ५० इंच-पाउंड, म्हणजे ४ ते ५.६ न्यूटन-मीटर. हा आकडा किती छोटा आहे ते लक्षात घ्या: छोट्या पान्याला दोन बोटांनी लागेल तेवढाच जोर.

इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या कडा

इनटेक मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरमधून आलेलं मिश्रण हेडकडे नेतो. त्याची हेडच्या बाजूची गॅस्केटं सहसा त्रास देत नाहीत. ब्लॉकच्या पुढे आणि मागे, लिफ्टर व्हॅलीच्या (दोन हेडांच्या मधल्या पोकळीच्या) दोन टोकांना जी आडवी कड असते, तिथे त्रास होतो. त्यावर बसवायला डब्यात कॉर्कच्या किंवा रबराच्या पट्ट्या येतात. त्या वापरू नका. मॅनिफोल्ड बसताना त्या सरकतात, आणि मागची पट्टी सरकलेली डिस्ट्रिब्युटरमागे दिसतही नाही. त्याऐवजी दोन्ही कडांवर ऑइलला टिकणाऱ्या सिलिकॉनचा सुमारे ६ मिमी जाडीचा अखंड पट्टा ओढा आणि दोन्ही टोकांना तो हेडच्या बाजूच्या गॅस्केटवर साधारण १२ मिमी चढवा. मॅनिफोल्ड आणि कडेमधली फट जास्त असेल तर पट्टा तेवढा उंच करा. आधी मॅनिफोल्ड सुका ठेवून फट मोजून घेतली तर अंदाज चुकत नाही.

पृष्ठभाग तेलकट असेल तर जगातला कुठलाही सिलिकॉन धरत नाही. व्हॅलीतून ऑइल झिरपत राहत असेल तर कडेला फडकं लावून ठेवा आणि ब्रेक क्लीनरने पुसल्याबरोबर पट्टा ओढा. वर साय धरायच्या आत, म्हणजे सुमारे दहा मिनिटांत, मॅनिफोल्ड सरळ वरून खाली ठेवा. पुढे-मागे सरकवू नका. डिस्ट्रिब्युटर आधी काढलेलाच असतो. काढण्यापूर्वी रोटरची दिशा आणि बॉडीची जागा खुणेने नोंदवा, म्हणजे टायमिंग जुळवताना घोळ होत नाही. ब्लॉकवर बसवताना त्याच्या तळाचं गॅस्केट नवंच घाला. फोर्डच्या डिस्ट्रिब्युटरला तिथे ओ-रिंग असते, तीही बदला.

बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावा, कारण काही भोकं आत उघडतात आणि ऑइल आट्यांवरून चढून बोल्टाच्या डोक्याखाली जमतं. मधून बाहेर, आडवे-तिरपे आवळत तीन फेऱ्यांत १०, २० आणि ३० फूट-पाउंड करा. शेवटचा आकडा ४१ न्यूटन-मीटर होतो. फोर्डच्या २८९ आणि ३०२ ला तो २३ ते २५ फूट-पाउंड आहे.

हेड किंवा ब्लॉक पूर्वी घासून घेतलेला असेल तर मॅनिफोल्डचा कोन जुळत नाही. वरून सगळं बंद दिसतं आणि खालच्या बाजूने इनटेक पोर्ट व्हॅलीतलं ऑइल ओढत राहतो. ओळखायची युक्ती अशी: पीसीव्हीची नळी काढून तिचं तोंड बंद करा, सगळे ब्रीदर बंद करा, इंजिन आयडलवर ठेवा आणि ऑइल फिलरच्या भोकावर तळहात धरा. हाताला दाब जाणवायला हवा. ओढ जाणवली तर मॅनिफोल्ड आतून गळतोय. उपाय मशीन शॉपमध्ये मॅनिफोल्ड घासून कोन जुळवण्याचा आहे.

छोट्या जागा, ज्या नेहमी सुटतात

ऑइल प्रेशर सेंडर (ऑइलचा दाब गेजला कळवणारा भाग) ब्लॉकच्या मागे, डिस्ट्रिब्युटरशेजारी असतो आणि त्याचं ऑइल थेट बेलहाउसिंगवर उतरतं. पडदा फाटलेला सेंडर दुरुस्त होत नाही, बदला. एका वायरचा सेंडर आट्यांमधून अर्थिंग घेतो, त्यामुळे टेफ्लॉन टेपची जाड गुंडाळी केली तर गेज चुकीचं दाखवतं. थोडी सीलंट पेस्ट पुरते.

मेकॅनिकल फ्युएल पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. त्यातून ऑइल किंवा पेट्रोल येत असेल तर डायफ्राम किंवा त्याच्याकडचं सील गेलं, पंप बदला. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर इंजिन चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि आगीचाही धोका असतो. शेव्हरोलेमध्ये पंपाच्या वर, ब्लॉकच्या पुढच्या उजव्या तोंडावर एक बोल्टाचं भोक आहे जे पंपाच्या पुशरॉडपर्यंत आरपार जातं. तिथे अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बोल्ट सीलंटशिवाय लावला तर गळती होते, आणि लांब बोल्ट लावला तर पुशरॉड अडकतो.

१९६७ पर्यंतच्या शेव्हरोलेत डब्याचा फिल्टर असतो. त्याचं चौकोनी काटछेदाचं रबरी कडं खाचेत घट्ट बसतं आणि फिल्टर बदलताना जुनं तिथेच राहून जातं. नवं त्याच्यावर बसलं की इंजिन सुरू होताच ऑइलचा फवारा उडतो. टोकदार हत्याराने खाच साफ केल्याची खात्री होईपर्यंत नवं बसवू नका.

पुढचं सील आणि बॅलन्सर

टायमिंग कव्हरच्या खाली, बॅलन्सरच्या (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या, कंपन शोषणाऱ्या चाकाच्या) मागे ओलं दिसत असेल तर सील बदलण्याआधी बॅलन्सरचा दांडा बघा. जुन्या सीलच्या ओठाने त्यावर गोल खाच पाडलेली असते. नख अडकत असेल तर नवं सीलही गळेल. त्यावर पातळ स्टेनलेसची दुरुस्ती स्लीव्ह चढवा, स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. बॅलन्सर पुलरनेच काढा आणि ओढून बसवायच्या हत्यारानेच चढवा. हातोडीने ठोकला तर बाहेरची रबरावरची रिंग सरकते आणि टायमिंगची खूणही चुकते. बसवण्याआधी सीलच्या ओठाला ऑइल लावा आणि चावीच्या खाचेत सिलिकॉनचा छोटा थेंब ठेवा. खाचेतून ऑइल बोल्टपर्यंत येतं, हे फार जणांना माहीत नसतं. पत्र्याचं टायमिंग कव्हर बदलत असाल तर बोल्ट हाताने लावून ठेवा, बॅलन्सर चढवा, त्यामुळे कव्हर मध्यावर येतं, मग बोल्ट आवळा.

चेंबर

चेंबरच्या कडेचीही टॅपेट कव्हरसारखीच दशा होते, म्हणून तीही तशीच सपाट करा. सरळ पट्टी लावून फट बघा. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर अजून ठोकायचं आहे. चार तुकड्यांच्या गॅस्केटपेक्षा एकसंध रबराचं गॅस्केट घ्या, ज्यात बोल्टाभोवती स्टीलची कडी असतात. शेव्हरोलेसाठी घेताना चेंबरचं साल बघा: १९७४ पर्यंत पुढचं सील पातळ, १९७५ पासून जाड. चुकीचं घेतलं तर पुढची कड एकतर बसतच नाही किंवा गळते. टायमिंग कव्हर आणि रिअर मेन कॅप (क्रँकच्या मागच्या बेअरिंगचं झाकण) जिथे ब्लॉकला मिळतात, त्या चार कोपऱ्यांतच सिलिकॉनचा थेंब लावा. बाकी कड कोरडी राहू द्या. आत पिळून आलेला जास्तीचा सिलिकॉन तुटून पंपाच्या जाळीत अडकतो. पाव इंची बोल्ट ८० इंच-पाउंड, ५/१६ इंची १६५ इंच-पाउंड. गॅस्केटच्या पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

रिअर मेन सील

वरचं सगळं कोरडं करूनही बेलहाउसिंगमध्ये ऑइल येत असेल, तरच इकडे या. फ्लायव्हीलमागे कॅमशाफ्टचा प्लग आणि ऑइल गॅलरीचे प्लगही असतात. त्यांची गळती हुबेहूब रिअर मेनसारखी दिसते, आणि ते बघायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. फ्लायव्हीलच्या मागचा भाग क्रँकच्या वरच्या उंचीवर ओला असेल तर संशय प्लगवर घ्या.

१९८५ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉकचं सील दोन तुकड्यांचं आहे, म्हणून ते गाडीतच बदलता येतं. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, जॅकच्या भरवशावर खाली झोपू नका. बॅटरीची वायर सोडा, ऑइल काढा. डिस्ट्रिब्युटरची टोपी उतरवा, नाहीतर इंजिन उचलताना ती फायरवॉलला लागून फुटते. इंजिन माउंटिंगचे बोल्ट काढून इंजिन ५० ते ७५ मिमी उचला आणि मध्ये लाकडी ठोकळे ठेवा. क्रँक फिरवून बॅलन्सरची खूण सहाच्या काट्यावर आणा, म्हणजे चेंबर निघायला जागा होते.

ऑइल पंप रिअर मेन कॅपवरच बसवलेला असतो, तो उतरवा. मग कॅप काढा. बाकीच्या कॅपचे बोल्ट किंचित सैल केले तर क्रँक केसाच्या जाडीएवढा खाली येतो आणि वरचा तुकडा सुटायला सोपं जातं. वरच्या तुकड्याचं एक टोक पितळी पंचने हलकेच ठोका. दुसरीकडून सुमारे ६ मिमी बाहेर आलं की पक्कडीने ओढा. क्रँकवर ओरखडा पडू देऊ नका. तो ओरखडा हीच पुढची गळती असते.

नव्या सीलचा ओठ पुढे, म्हणजे ऑइलच्या बाजूला. उलट बसवलं तर पहिल्याच दिवशी गळेल. ओठाला ऑइल लावा, टोकं मात्र कोरडी. सीलसोबत आलेली प्लास्टिकची पातळ पट्टी ब्लॉकच्या धारेवर ठेवून वरचा तुकडा फिरवत आत न्या. ती पट्टी वापरली नाही तर धार सीलच्या पाठीवरून रबराची साल काढते आणि तिथून ऑइल वाट काढतं. दोन तुकड्यांचे सांधे कॅपच्या सांध्याच्या रेषेत ठेवू नका. वरचा तुकडा एका बाजूला सुमारे १० मिमी बाहेर आणि खालचा तेवढाच दुसऱ्या बाजूला असू द्या. टोकांना सिलिकॉनचा अगदी लहान ठिपका लावा आणि कॅपच्या मागच्या भागात, सीलच्या दोन्ही बाजूंना, ब्लॉकला टेकणाऱ्या जागी पातळ थर द्या. बेअरिंगच्या तोंडावर कणही जाऊ नये.

कॅप लावून आधी १० ते १२ फूट-पाउंड आवळा. मग मऊ डोक्याच्या हातोडीने क्रँक एकदा मागे आणि एकदा पुढे ठोका. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग याच कॅपमध्ये आहे, ते सरळ बसावं म्हणून हे करायचं. नंतर ७० फूट-पाउंड. सैल केलेल्या बाकीच्या कॅपही त्याच आकड्यावर आणा आणि क्रँक हाताने मोकळा फिरतो का बघा. ऑइल पंपाचा बोल्ट ६५ फूट-पाउंड. पंपाच्या दांड्यावरची जुनी नायलॉनची बाही कडक होऊन तडकलेली असते. चेंबर उघडलाच आहे तर स्टीलच्या बाहीचा दांडा बसवा.

दोरीचं सील असलेल्या इंजिनात रबरी सील टाकायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. काही जुन्या फोर्ड इंजिनांच्या कॅपच्या खाचेत दोरी धरून ठेवणारी टोकदार पिन असते. ती काढली नाही तर रबरी सील भोसकलं जातं. दुसरं, दोरीच्या सीलसाठी काही क्रँकवर तिरक्या रेघांची खरबरीत पट्टी कोरलेली असते. पाँटिअॅकवाल्यांनी हे आवर्जून बघावं, कारण त्यावर साधं रबर लवकर झिजतं. अशा क्रँकला त्याच्यासाठीच बनवलेलं सील घ्या, किंवा दोरीच नीट बसवा: खाचेत लाकडी दांड्याने गोल दाबत भरायची, टोकं धारदार पात्याने सपाट कापायची आणि एकही धागा सांध्यात येऊ द्यायचा नाही. क्रायसलरच्या बिग ब्लॉकमध्ये सील वेगळ्या पट्टीत बसतं आणि त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र सीलं असतात. लोक मधलं बदलतात आणि बाजूची विसरतात.

सगळं जोडल्यावर सिलिकॉनला २४ तास द्या, मगच ऑइल भरा. गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी द्रव्यं घालू नका. ती रबर फुगवून मऊ करतात, काही दिवस थेंब थांबतो आणि नंतर फुगलेला ओठ झपाट्याने झिजतो. इंजिन २० मिनिटं चालवा, बंद करून फ्लायव्हीलच्या खालचं झाकण काढा आणि टॉर्चने आत बघा. रात्रभर खाली पांढरा कागद ठेवा आणि त्यावर कुठे, कशाचा डाग पडतो ते गाडीच्या पुढच्या-मागच्या दिशेसह लिहून ठेवा. टॅपेट कव्हरला कॉर्क लावलं असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एकदा ठरलेल्या आकड्यावर आवळा. स्टीलची कडी असलेल्या चेंबरच्या रबरी गॅस्केटला पुन्हा हात लावू नका.